आक्काकडे जायची वाट

सिॲटलहून व्हिक्टोरियाला जायला वाटा किती, असा प्रश्न २०२३ च्या जूनमध्ये आमच्या मुलाच्या घरी कुणी विचारला असता, तर चार माणसांनी त्याला पाच उत्तरे दिली असती. आमच्या नातीची दोन होती. त्यांतले एक पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे. तिकिटाचा आकडा ऐकल्यावरही ते मागे घ्यायला ती तयार नव्हती.

सिॲटल अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात. व्हिक्टोरिया कॅनडातल्या व्हॅंकूव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला. मध्ये समुद्र, आणि त्या समुद्रातून गेलेली दोन देशांची हद्द. बेटाला पूल नाही, तेव्हा मोटार न्यायची तर बोटीत घालूनच न्यावी लागते. बोटी पुष्कळ आहेत. प्रश्न एवढाच, की हद्द जमिनीवर ओलांडून मग बोटीत बसायचे, की बोटीत बसून हद्द ओलांडायची? पुण्याहून कोकणात ताम्हिणीने उतरावे की वरंध्याने, इतकाच तो साधा वाटेल. आम्हांलाही पहिले दोन दिवस तसाच वाटला.

व्हिक्टोरियात माझी आक्का राहते. त्या वर्षी ती ब्याऐंशीची होती, मी बहात्तरचा. आमचे दाजी इंजिनियर. १९६८ साली ते तिला घेऊन कॅनडात गेले, विनिपेगच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत तीस हिवाळे काढले, आणि निवृत्तीनंतर, तिथल्या मानाने ऊबदार म्हणून, या बेटावर येऊन राहिले. आता दाजी नाहीत. भाचा टोरांटोला, म्हणजे आपल्याकडून काश्मीर जेवढे लांब त्याच्याही पलीकडे. आक्काचे गुडघे गेले, ती चाकांच्या खुर्चीत बसते. आमची गाठ पडून अकरा वर्षे झाली होती. मी मुलाकडे आलो तो बेत करूनच आलो होतो: मोटार घेऊन आक्काकडे तीन दिवस जायचे, आणि येताना तिला पंधरा दिवसांसाठी सिॲटलला आणायचे. मोटार हवी ती या खुर्चीपायी. नाहीतर सिॲटलच्या धक्क्यावरून थेट व्हिक्टोरियाला जाणारी एक वेगवान बोट आहे. पण ती माणसे तेवढी घेते, मोटारी नाही.

आक्काच्या जुन्या पत्रांत एकच वाट असे. ॲनाकॉर्टिस नावाच्या बंदरातून वॉशिंग्टन राज्य सरकारची फेरीबोट निघायची आणि सान वान बेटांच्या गर्दीतून अंग चोरत कॅनडातल्या सिडनीला लागायची. सिडनी म्हणताच आमच्या शेजाऱ्यांना ऑस्ट्रेलिया आठवली होती. पण हे सिडनी व्हिक्टोरियाच्या उत्तरेला अर्ध्या तासावरचे लहानसे गाव. १९२२ पासून चालत आलेली ही फेरी २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे थांबली ती थांबलीच. बोटी अपुऱ्या, खलाशी अपुरे. २०३० च्या आत ती सुरू होण्याची आशा धरू नका, असे खात्यानेच सांगून टाकले. तेव्हा ती वाट पत्रांतच राहिली.

दुसरी वाट पोर्ट एंजलिसची. तिथून ‘कोहो’ नावाची बोट सुटते. कोहो हा तिकडच्या सामन माशाचा एक प्रकार. ही बोट १९५९ च्या डिसेंबरअखेरीस पाण्यात कामाला लागली, आणि आजतागायत तीच बोट त्याच वाटेवर ये-जा करते आहे. शंभराच्या वर मोटारी पोटात घेऊन हुआन दे फुका नावाची सामुद्रधुनी ती दीड तासात ओलांडते आणि व्हिक्टोरियाच्या अगदी मध्यवस्तीत, तिथल्या विधिमंडळाच्या समोर, नेऊन सोडते. तिथून आक्काचे घर दहा मिनिटांवर. म्हाताऱ्या माणसाला आणायला याहून सोयीची वाट नाही.

तिसरी वाट आधी मोटारीने उत्तरेला एकशे पंचाहत्तर किलोमीटर जाऊन ब्लेनपाशी जमिनीवर हद्द ओलांडण्याची. मग कॅनडातल्या कॅनडात त्सावासन ते स्वार्ट्झ बे अशी फेरीबोट. या गावाच्या नावातला ‘त’ म्हणावा की गिळावा यावर तिथल्या लोकांतच एकमत नाही. आमच्या सूनबाईने त्याचे ‘शवासन’ करून प्रश्न मिटवला होता. ही फेरी ब्रिटिश कोलंबिया प्रांताची. १९५८ साली खाजगी बोटवाल्यांचे संप झाले, बेटाची कोंडी झाली, तेव्हा प्रांताचे मुख्यमंत्री बेनेट यांनी सरकारी बोटी काढायचे ठरवले, आणि १९६० च्या जूनमध्ये याच मार्गावर पहिली बोट सोडली. आजच्या मोठ्या बोटींत साडेतीनशेहून जास्त मोटारी मावतात. फेऱ्याही दिवसभर. पण एकूण वाट लांब. नाक्यावर रांग लागली तर तास-दोन तास मोटारीतच बसावे लागते, आणि ते आक्काच्या पाठीला झेपण्यासारखे नव्हते.

म्हणजे कोहो. इतके सरळ होते. नातीने टेबलावर नकाशा पसरला आणि हद्दीची तुटक रेघ बोटाने गिरवू लागली. ती रेघ आधी एकोणपन्नासाव्या अक्षांशावरून सुतासारखी सरळ येते, आणि समुद्रात शिरली की दारू प्यायल्यासारखी वाकडी होते. त्याची गंमत तिने शाळेत ऐकलेली होती, ती मला सांगितली.

१८४६ च्या तहात इंग्रज आणि अमेरिकन यांनी ठरवले, की समुद्रातली हद्द बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या खाडीच्या मध्यातून जावी. खाड्या निघाल्या दोन. मधल्या सान वान बेटावर दोघांनीही हक्क सांगितला. १८५९ च्या जूनमध्ये तिथल्या एका अमेरिकन शेतकऱ्याच्या बटाट्यांच्या वाफ्यात इंग्रज कंपनीचे डुक्कर शिरले, त्याने ते गोळी घालून मारले, आणि त्या डुकरापायी दोन्हीकडून फौजा उतरल्या, लढाऊ जहाजे येऊन उभी राहिली. सुदैवाने गोळी सुटली नाही. डुकरावाचून कुणी मेले नाही. दोन्ही फौजा बेटाच्या दोन टोकांना तळ ठोकून बारा वर्षे बसल्या. शेवटी जर्मनीचा बादशहा पहिला विल्यम याला पंच नेमले, त्याने १८७२ साली अमेरिकेच्या बाजूने निवाडा दिला.

“आजोबा, विश्वासच बसत नाही ना?” नात म्हणाली.

मांडवगण फराट्यात जन्मलेल्या माणसाचा विश्वास लगेच बसतो. आमच्याकडे एका वावाच्या कोरलेल्या बांधावरून आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. भीमेने पात्र बदलून इकडची मळई तिकडे टाकली, की तीवर हरभरा कोणी पेरायचा यासाठी दोन्ही तीरांवर काठ्या निघत. आम्हांला बादशहा परवडत नव्हता, एवढाच फरक.

हे सगळे हसणे चालले असताना मुलगा गप्प होता. तिसऱ्या दिवशी रात्री, नात झोपल्यावर, त्याने चौघांची कागदपत्रे टेबलावर मांडली. भारताचे, अमेरिकेचे आणि कॅनडाचे, तिन्ही देशांची पारपत्रे निळीच असतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. पण निळ्यानिळ्यांत फरक आहे. नात तिथेच जन्मलेली, अमेरिकन. सोळा वर्षांखालच्या अमेरिकन मुलाला जमिनीवरून किंवा बोटीतून कॅनडात जाऊन परत यायला नुसता जन्मदाखलाही पुरतो. मी पाहुणा, माझा व्हिसा दहा वर्षांचा, कॅनडाचाही पुण्याहून घेऊनच आलेलो. अडचण मुलाची होती. तो नोकरीच्या परवान्यावर राहतो. कायमच्या वास्तव्यासाठीच्या रांगेत तो उभा आहे. पण तिथे कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, आणि भारतीयांची रांग एवढी, की दहा-अकरा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचा नंबर आता लागत होता. तिथे राहण्याची मुदत त्याला वाढवून मिळालेली होती. मात्र पारपत्रावरचा व्हिसा, म्हणजे बाहेरून आत येण्याची चिठ्ठी, ती संपली होती. घरात राहायचा हक्क आहे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले तर परत आत येताना दारात विचारणा होणार, असा प्रकार. सूनबाईचे कागद त्याच्याच कागदांना टाचलेले.

“मग तुला कॅनडात जाताच येणार नाही?” मी विचारले.

“येतं, बाबा. नियम आहे. तीस दिवसांच्या आत कॅनडातून परत आलात, तर संपलेला व्हिसा चालू धरतात. फक्त हा नियम माहीत असलेला माणूस खिडकीत बसलेला पाहिजे.”

यावर मी काय बोलणार? सरकारी खिडकीचा अनुभव आपल्याला काय कमी आहे? नियम असणे आणि तो खिडकीतल्या माणसाला ठाऊक असणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, आणि त्या एकाच दिवशी घडतील याची खात्री देता येत नाही.

इथे बोटीचा प्रश्न पुन्हा आला, आणि यावेळी निराळा होऊन आला. कोहोने परतायचे तर अमेरिकेचे अधिकारी व्हिक्टोरियाच्या धक्क्यावरच, बोटीत चढण्याआधी, तपासणी करतात. बोट सुटायची वेळ झालेली, मागे मोटारींची रांग. अधिकाऱ्याला शंका आली, तर नियम शोधायला त्याला वेळ कुठला? ब्लेनचा नाका मोठा. सिॲटलच्या संगणक कंपन्यांतले हजारो भारतीय तिथून जातात-येतात. असले कागद तिथल्या लोकांच्या रोजच्या हाताखालचे. आत बोलावतील, बसवतील, पण बोट चुकायची भीती नाही. मुलाच्या मित्रांचेही तेच म्हणणे पडले. म्हणजे आक्काच्या पाठीसाठी कोहो बरी आणि मुलाच्या कागदांसाठी ब्लेन. मोटार एक. आणि पणाला लागलेले काय, तर त्याची नोकरी, हप्ते चालू असलेले घर, मुलीची शाळा.

“तू येऊ नकोस,” मी म्हणालो. “मी एकटा जाऊन येतो.”

“आत्यांना भेटायला मी यायचं नाही?” तो म्हणाला, आणि उठून गेला.

आक्काला फोनवर मी यातले काही सांगितले नव्हते. पण तिने आवाजावरून ओळखले. “पाण्याचा घोळ आहे काय रे?” तिने विचारले. “घाई करू नका. पण या.” हे ‘पण या’ तिने ज्या तऱ्हेने म्हटले, त्याचे कारण मला ठाऊक होते, मुलाला नव्हते. त्या रात्री ते मी त्याला सांगितले.

आमचे गाव शिरूर तालुक्यात, पैलतीर दौंड तालुक्यात, मध्ये भीमा. कोर्टकचेरीचे काम निघाले की शिरूरची वाट धरायची, त्याला सगळे घोडनदीच म्हणत. आणि आगगाडी गाठायची तर नदी उतरून दौंड. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात उतारावरून चालत जाता येई. पावसाळ्यात होडी. होडी नसली तर काहील. काहील म्हणजे गूळ शिजवायची लोखंडी कढई, चार माणसे बसतील एवढी. गुऱ्हाळाच्या दिवसांत ती रस आटवायची आणि पावसाळ्यात माणसे उतरवायची. आक्काला दिली पैलतीरी. गावातल्या बायका म्हणाल्या, लेक डोळ्यांपुढे राहील. आणि खरोखरच त्यांच्या वस्तीवरचा दिवा आमच्या घाटावरून दिसत असे.

तिचे लग्न १९६१ च्या वैशाखातले. त्याच वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले. पुण्यात काय झाले ते शहरातल्या वाचकांना सांगायला नको. ते पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळाले आणि आमच्या गावाखालून गेले. आमची आजी, जिने आक्काला वाढवले, ती आठ दिवस अंथरुणावर होती आणि सारखे आक्काचे नाव घेत होती. एरवी पैलतीरावर निरोप द्यायचा तर घाटावर उभे राहून हाक मारायची. त्या दिवशी पाण्याच्या गर्जनेत हाक पोचेना. चुलत्यांनी धोतर काठीला बांधून हलवले. आक्का काठावर आलेली आम्हांला दिसली, मुंगीएवढी. बोलावणे आहे, हे तिला कळले. संध्याकाळी आजी गेली. ते कळवायला आमच्याजवळ दुसरी खूण नव्हती. आक्का चार दिवस पाण्याकडे बघत काठावर बसून होती. पाचव्या दिवशी काहिलीतून आली, तोवर सगळे आटोपले होते. मी दहा वर्षांचा होतो. तिने मला पहिला प्रश्न विचारला तो, “तुम्ही धोतर का थांबवलंत हलवायचं?”

जाता जाता एक आठवले ते सांगतो. त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. तोवर महाराष्ट्रातही पाण्यातली आंतरराष्ट्रीय हद्द होती. तेरेखोलच्या एका काठाला आरोंदा, म्हणजे भारत. समोर किरणपाणी, म्हणजे पोर्तुगाल. दोन्ही तीरांवर मालवणी बोलणारी, एकमेकांना मुली दिलेली माणसे. आमची भीमा तालुक्याचीच हद्द होती, तिथे पारपत्र कुणी मागितले नाही, हे आमचे नशीब म्हणायचे.

मार्ग शेवटी सूनबाईने काढला. सकाळी चहाचा कप तिने नकाशावर बरोबर सामुद्रधुनीच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, “सगळ्यांनी एकाच वाटेनं परत यायचं असं कुणी ठरवलंय? जाताना सगळे ब्लेनवरून जाऊ. परत येताना आम्ही तिघं मोटार घेऊन ब्लेनवरूनच येतो. बाबा आणि आक्का दुसऱ्या दिवशी कोहोनं पायी येतील, खुर्चीला बोटीत मदत मिळते. आम्ही पोर्ट एंजलिसला जाऊन उभे राहतो.” मुलगा म्हणाला, “आणि आम्हाला अडवलं तर?” ती म्हणाली, “तर आत्यांकडे परत येऊ. एकटं कुणीच राहणार नाही ना!” संसारात असले हिशेब बायकांनाच सुचतात, असे माझे मत आहे, आणि ते मी या वयात बदलणार नाही.

जातानाची वाट सुखाची झाली. कॅनडाच्या अधिकाऱ्याने काळ्या मसाल्याचा डबा उघडून हुंगला आणि लगबगीने बंद केला. बोटीवरून डावीकडे नातीने पॉइंट रॉबर्ट्स दाखवले: एकोणपन्नासाव्या अक्षांशाच्या खाली लोंबत राहिलेला जमिनीचा तुकडा, म्हणून अमेरिकेचा, तिथल्या लोकांना स्वतःच्याच देशात जमिनीवरून जायचे तर मध्ये कॅनडा ओलांडावा लागतो. पुढे दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खिंडीतून एवढी मोठी बोट भोंगा वाजवत वळली. आणि आक्का दारात खुर्चीत बसून होती. तिने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाली, “अगदी आमच्या नानांवर गेलाय.” नाना म्हणजे माझे वडील.

तीन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. शनिवारी सकाळच्या बोटीसाठी ती तिघे अंधारातच निघाली. जाताना मुलाने कागदांची पिशवी तीनदा तपासली. आक्काला आदल्या रात्री मी सगळे सांगून टाकले होते.

ती सकाळ लांबली. आक्काने पिठले टाकायला लावले, मग खाल्ले नाही. नऊच्या सुमारास ती म्हणाली, आता उतरले असतील. दहाला म्हणाली, आता नाक्यावर. साडेअकराला तिने बोलणेच बंद केले आणि खिडकीतून समुद्राकडे तोंड करून बसली. त्या समुद्राचा ब्लेनशी काही संबंध नव्हता, ती दिशाच वेगळी. पण मी तसे म्हणालो नाही.

बाराला दहा कमी असताना फोन वाजला.

“बाबा, आलो अलीकडे!” मुलगा ओरडला. “आत बोलावलं होतं. पाऊण तास बसवलं. पहिल्याला माहीत नव्हतं, त्यानं दुसऱ्याला विचारलं. दुसरा म्हणाला, जाऊ दे, बरोबर आहे.”

मी ते आक्काला सांगितले. ती क्षणभर थांबली. “अलीकडं म्हणजे?” तिने विचारले. “त्याच्या अलीकडं, की आपल्या?”

“त्याच्या, आक्का. घरी चाललेत.”

“मग पिठलं वाढ,” ती म्हणाली.

रविवारी कोहोच्या धक्क्यावर अधिकाऱ्याने तिचे पारपत्र उघडले आणि जन्मस्थानावर तो अडला. ‘मांडवगण’पर्यंत गेला, ‘फराटा’पाशी हरला. आक्काने त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले आणि दुसऱ्यांदा बरे म्हणालास असे इंग्रजीत सांगितले. बोटीत एका खलाश्याने तिची खुर्ची खिडकीशी नेऊन चाके अडकवून दिली. समोर ऑलिंपिक पर्वताची बर्फाची रांग उन्हात दिसत होती. निम्मे अंतर गेल्यावर तिने विचारले, “हद्द कुठंशी?” मी म्हटले, साधारण इथेच असावी. तिने वाकून पाण्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले.

पोर्ट एंजलिसचा धक्का जवळ आला. कठड्याशी पाच-पन्नास माणसे उभी होती. एवढ्या लांबून कोण कोण ते मला ओळखू येईना. त्यांतली एक लहान मुलगी आपल्या आईची पिवळी ओढणी हातात धरून सारखी हलवत होती. बोट धक्क्याला लागेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.

“बस म्हणावं आता, हात दुखेल पोरीचा,” आक्का म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावून घेतला, चष्मा नीट केला आणि विचारले, “गाडी लांब लावलीय का रे त्यानं? खुर्ची त्या उतारावरून जायची नाही.”